सायलेन्सर बसवताना हात न पोहोचणारे नट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी स्वतः गाडीचे काम करणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त प्रश्न याच कामावर येतात. सायलेन्सर काढणे सोपे असते. बसवताना मात्र हेडजवळचे दोन नट जीव काढतात, त्यातही आतल्या बाजूचा एक. आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पुढे ‘बेंड’ म्हणजे इंजिनाच्या हेडमधून निघणारा वाकडा पाइप, ‘फ्लँज’ म्हणजे तो पाइप हेडवर दाबून धरणारी दोन भोकांची जाड पट्टी, आणि ‘स्टड’ म्हणजे हेडमध्ये रोवलेले आट्यांचे दोन खुंट. उत्तरे सुटी वाचली तरी चालतील, पण पहिल्यांदाच काम करत असाल तर चौथा प्रश्न आधी वाचा.

१. हे नट इतक्या अडचणीच्या जागी का असतात?

आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत धूर बाहेर पडायचे तोंड हेडच्या पुढच्या बाजूला असते, कारण वारा तिथे थेट लागतो आणि गाडीचा सगळ्यात तापणारा भाग गार राहतो. पण नेमक्या त्याच जागेसमोरून फ्रेमचा खाली उतरणारा पाइप जातो. त्यावर हॉर्न, लेग गार्डचे क्लँप, मोठ्या गाडीत ऑइल कूलर किंवा रेडिएटर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर अडचण आणखी वाढली. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा लागतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत तो इंजिनाच्या जवळ आला. बेंड जाड आणि जड झाला, बोटांना उरलेली फटही बुजली.

२. कोणती हत्यारे जवळ असावीत? साध्या टूलकिटवर भागेल का?

गाडीबरोबर मिळणाऱ्या किटवर बाहेरचा नट आवळून होईल, आतला होणार नाही. थोडीच हत्यारे घ्या, पण ती नेमकी असू द्या:

- पाव इंची ड्राइव्हचा छोटा रॅचेट (नटावरून न काढता पुढे-मागे हलवून नट फिरवणारी दांडी) आणि त्याच्या लांब गोट्या, म्हणजे नटावर बसणारी नळीसारखी तोंडे. अर्धा इंचीचा रॅचेट ताकदवान असतो, पण त्याचे डोकेच फटीत शिरत नाही. स्टड नटाच्या बाहेर येत असल्यामुळे आखूड गोटी स्टडवर टेकून बसते आणि नटाला अर्धवटच पकडते, म्हणून लांब गोटी हवी.
- १५० आणि २५० मिमीचे एक्स्टेन्शन (रॅचेट आणि गोटी यांच्यामधली दांडी), आणि एक युनिव्हर्सल जॉइंट (वळणारा सांधा).
- रिंग पाना आणि फिक्स पाना, दोन्ही चांगल्या पोलादाचे. रॅचेटचा रिंग पाना, त्यातही मान वळणारा, मिळाला तर निम्मे काम हलके होते.
- डोक्याला किंवा मनगटाला बांधायची बॅटरी आणि छोटा आरसा. आरसा नसेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालतो.

गोटी सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे लगेच गोल करते, आणि अडचणीच्या जागी कोपरे गेलेला नट म्हणजे दिवसभराचे काम.

जुने गॅरेजवाले अशा नटासाठी एखादा स्वस्त रिंग पाना तापवून वाकवून ठेवतात, कुणी त्याची दांडी कापून बोटभर करतात. हे अगदी रास्त हत्यार आहे. फक्त तापवताना पान्याचे तोंड लाल होऊ देऊ नका, नाहीतर पोलाद मऊ पडून तोंड उघडते.

३. १० चा पाना, १२ चा की १३ चा?

तुमचा स्टड कोणता यावर अवलंबून आहे. लहान गाड्यांत एम६ चा, म्हणजे ६ मिमी जाडीचा, स्टड असेल तर नट बहुधा १० चा असतो. एम८ ला जपानी पद्धतीच्या गाड्यांत १२ चा नट येतो आणि युरोपीय पद्धतीत १३ चा. घोळ होतो तो मागच्या मेकॅनिकने हाताला येईल तो नट लावल्यामुळे. वरचा १२ चा आणि खालचा १३ चा, असे सर्रास सापडते. नट नवीन घेताना दोन्ही एकाच मापाचे घ्या आणि ते हाताने स्टडवर तळापर्यंत फिरतात का, हे बेंड लावण्याआधीच बघून ठेवा.

४. बसवण्याचा नेमका क्रम काय? आधी काय आवळायचे?

अडचणीचा नट नीट आवळला जाणे हे पान्यावर कमी आणि क्रमावर जास्त ठरते. बेंड मोकळा लटकत असेल तर आतला नट दोन बोटांनी फिरतो. तोच बेंड मागच्या बोल्टने आधी घट्ट धरून ठेवला असेल तर फ्लँज तिरकी होते, स्टडवर आडवा ताण येतो, आणि मग कुठलाही पाना आणा, तो नट खऱ्या अर्थाने बसत नाही.

इंजिन पूर्ण गार असू द्या. तापलेला बेंड कातडी सोलतो, शिवाय टॉर्कचे, म्हणजे नट किती जोराने आवळायचा त्याचे, सगळे आकडे गार इंजिनासाठी दिलेले असतात. गाडी मेन स्टँडवर घ्या. मेन स्टँड नसेल तर कुणाला तरी धरायला सांगा, कारण साइड स्टँडवर कललेल्या गाडीत बेंडचे वजन एका बाजूला ओढते.

मग वाटेतले अडथळे काढा. लेग गार्ड, हॉर्न, बेली पॅन, जे काही समोर असेल ते. पंधरा मिनिटे लेग गार्ड काढण्यात गेली तरी पुढचे दोन तास वाचतात. हे सगळे न काढता काम उरकण्याचा हट्ट धरल्यामुळेच बहुतेक स्टड तुटतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

स्टडचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा. हेड आणि बेंड यांच्यातले पॅकिंगचे कडे जुने काढून नवे बसवा (प्रश्न १० पाहा). बेंड जागेवर धरून आतला, म्हणजे अडचणीचा नट आधी हाताने चढवा. बाहेरचा कधीही चढतो. दोन्ही नट फक्त बोटांच्या जोरावर, बेंड हलेल इतपतच.

आता मागचे बोल्ट, मधला क्लँप, फुटरेस्टजवळचा पाय, सगळे लावा, पण सैल. सायलेन्सर हाताने थोडा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवून त्याला त्याची जागा घेऊ द्या. मागच्या बोल्टचे भोक आपोआप समोर आले पाहिजे. ते ओढून-ताणून जुळवावे लागत असेल तर बेंड तरी वाकलेला आहे किंवा पॅकिंग तरी तिरके आहे.

त्यानंतर फ्लँजचे दोन नट आलटून-पालटून आवळा: याला अर्धा फेरा, त्याला अर्धा फेरा, घट्टपणा आला की पाव-पाव फेरा. फ्लँज आणि हेड यांच्यातली फट दोन्ही स्टडजवळ सारखी दिसली पाहिजे. ती बुजवायची नसते. फ्लँज पाइपची कॉलर दाबते, ती हेडला टेकणे अपेक्षित नाही. फ्लँज पूर्ण झाली की मधला क्लँप आणि सगळ्यात शेवटी मागचे बोल्ट.

इंजिन दहा मिनिटे चालवून पूर्ण गार होऊ द्या आणि दोन्ही नट पुन्हा तपासा. नवे पॅकिंग पहिल्या तापण्यात दबते, म्हणून नट थोडा फिरतोच. हे फक्त एकदाच करायचे असते. दर आठवड्याला करावे लागत असेल तर प्रश्न १८ वाचा.

५. नट स्टडवर चढतच नाही. बोटे पोहोचत नाहीत आणि नट सारखा खाली पडतो.

लांब गोटीत कागदाची किंवा मास्किंग टेपची एक घडी घाला आणि नट त्यात दाबून बसवा. नट गोटीत अडकून राहतो आणि एक्स्टेन्शनच्या टोकाने सरळ स्टडवर नेता येतो. ग्रीसचा ठिपकाही चालतो, पण तो आट्यांना लागू देऊ नका, टॉर्कचा हिशोब बदलतो. चुंबकाची गोटी साध्या पोलादी नटाला उपयोगी पडते. पितळी नटाला चुंबक धरत नाही.

गोटी रॅचेटला न लावता, नुसते एक्स्टेन्शन बोटांत धरून फिरवा. आधी नट उलटा, म्हणजे सोडवण्याच्या दिशेने हळू फिरवा. एका जागी तो ‘टक्’ करून आट्यांच्या सुरुवातीला बसल्याचे बोटाला कळते. तिथून सरळ फिरवा. निदान तीन फेरे बोटांनी गेले पाहिजेत. दुसऱ्याच फेऱ्याला अडकला तर आटे वाकडे धरले आहेत, लगेच उलटा फिरवून काढा. तिथे रॅचेट लावला की स्टड गेलाच.

आरशात बघून काम करत असाल तर एक सांभाळा. आरशात डावे-उजवे उलटे दिसते आणि घट्ट करायच्या ऐवजी नट सैल होतो. दिशा डोळ्याने नाही, नटाच्या तोंडासमोर आपण उभे आहोत असे मनात धरून ठरवा.

६. पाना नटावर बसतो, पण फिरायलाच जागा नाही. काय करू?

किती अंश जागा आहे ते आधी बघा. सहा कोनांच्या पान्याला पुन्हा पकडण्यासाठी ६० अंश फिरावे लागते, बारा कोनांच्या रिंग पान्याला ३० अंश. फिक्स पान्याचे तोंड दांडीशी १५ अंश तिरपे असते, म्हणून दर वेळी पाना उलटा करून लावला तर तोही ३० अंशांत काम करतो. ७२ दात्यांचा रॅचेट ५ अंशांतही पुढे सरकतो, त्यामुळे अगदी चिंचोळ्या जागी त्याला पर्याय नाही.

सरळ रेषेत पाना जात नसेल तर लांब एक्स्टेन्शन लावून हात फ्रेमच्या बाहेर आणा आणि मोकळ्या जागी फिरवा. मध्ये युनिव्हर्सल जॉइंट घ्यावा लागला तर त्याचा कोन कमी ठेवा. पंधरा-वीस अंशांपर्यंत तो गुमान चालतो, त्यापुढे गोटी नटावरून उडायला लागते. जॉइंट लुळा पडत असेल तर त्याच्याभोवती इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळा, तो वळतो पण लोंबत नाही.

तरीही जमत नसेल तर अडथळा अजून तिथेच आहे. प्रश्न ४ मधल्या ‘अडथळे काढा’ या ओळीकडे परत जा.

७. किती टॉर्क द्यायचा?

तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम. तो हाताशी नसेल तर साधारण अंदाज असा: एम६ ला ८ ते १२ न्यूटन-मीटर, एम८ ला १८ ते २५. हे आकडे कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी आहेत. आट्यांना अँटी-सीझ (नट जाम होऊ न देणारा लेप) लावले असेल तर तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो, म्हणून पाव भागाने कमी करा.

टॉर्क रेंच नसेल तर सामान तोलायचा हुकाचा काटा वापरता येतो. पान्यावर नटाच्या मध्यापासून १५ सेंमीवर काटा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काट्यावर १५ किलो दिसले की साधारण २२ न्यूटन-मीटर झाले. एम६ साठी १२ सेंमीवर साडेआठ किलो म्हणजे जवळपास १०. पहिल्यांदा केले की लक्षात येते, आपला हात किती जास्त जोर लावत होता ते.

८. टॉर्क रेंच आतल्या नटापर्यंत जातच नाही. मग?

सरळ एक्स्टेन्शन कितीही लांब लावले तरी टॉर्कचा आकडा बदलत नाही, म्हणून आधी तो मार्ग बघा. ते जमत नसेल तर क्रोफूट म्हणजे टॉर्क रेंचच्या टोकाला लावायचे उघडे तोंड वापरतात. क्रोफूट रेंचच्या दांडीशी काटकोनात लावला तर हिशोब बदलत नाही. सरळ पुढे लावला तर दांडी लांब होते आणि आकडा कमी लावावा लागतो: हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंचची लांबी अधिक क्रोफूटची लांबी. रेंच २५० मिमी, क्रोफूट ३० मिमी आणि हवे २२ असतील तर रेंचवर १९.६ लावा.

हेही नाही जमले तर बाहेरचा नट टॉर्क रेंचने आवळा, मग तोच नट हातातल्या छोट्या पान्याने किंचित सोडवून पुन्हा आवळा आणि मनगटाला किती जोर लागतो ते नीट ओळखून घ्या. त्याच पान्याने, दांडी तितक्याच अंतरावर धरून, आतल्या नटाला तेवढाच जोर द्या. फ्लँजची फट दोन्हीकडे सारखी आली की समजा जमले.

९. थोडे जास्त आवळले तर काय बिघडते? गॅरेजमध्ये तर पाइप लावून आवळतात.

स्टड पोलादाचा, पण तो ज्यात रोवला आहे ते हेड अॅल्युमिनियमचे. जास्त जोर लागला की आधी फ्लँज वाकते, मग स्टड ताणला जातो, आणि शेवटी हेडमधले मऊ आटे सोलून निघतात. यातली पहिली दोन नुकसाने थोडक्यात निभावतात. तिसऱ्यात हेड उतरवण्यापर्यंत पाळी येऊ शकते. शिवाय अति आवळल्याने गळती थांबत नाही, उलट फ्लँज धनुष्यासारखी वाकून मधून सैल होते. पान्याच्या दांडीला पाइप लावणे या नटांसाठी कधीच योग्य नाही, सोडवतानाही नाही.

१०. पॅकिंग दर वेळी नवीन हवे का? जुने चांगले दिसते.

हो, नवीनच. हे कडे एकदाच दबण्यासाठी बनवलेले असते. दबलेले पॅकिंग दुसऱ्यांदा तितके दबत नाही, मग माणूस नट जास्त आवळून भरपाई करतो, आणि प्रश्न ९ मधले नुकसान तिथून सुरू होते.

फसगत एका जागी होते. जुने पॅकिंग काळे पडून हेडच्या तोंडात इतके चिकटते की ते हेडचाच भाग वाटते. त्यावर नवे बसवले की दोन पॅकिंग होतात, बेंड बाहेर राहतो आणि नट स्टडच्या टोकालाच पकडतो. बॅटरी मारून बघा, नखाने कडा लागते का ते चाचपा, आणि वाकवलेल्या जाड तारेने किंवा छोट्या स्क्रू ड्रायव्हरने कडेकडेने उचकटून काढा. हेडच्या बसक्या जागेला ओरखडा जाऊ देऊ नका. नवे पॅकिंग खाली पडत असेल तर ग्रीसच्या दोन ठिपक्यांनी चिकटवा. ते ग्रीस पहिल्याच धुरात जळून जाते.

हेडच्या तोंडाशी सिलिकॉनचे गॅस्केट मेकर लावू नका. तिथल्या उष्णतेत ते टिकत नाही, आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते.

११. स्प्रिंग वॉशर, नायलॉक नट, थ्रेडलॉकर, अँटी-सीझ: यातले काय वापरू?

नायलॉक नको. त्यातले नायलॉनचे कडे या उष्णतेत वितळते आणि उरतो तो साधा नट. साधे थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवून धरणारा गोंद, तेही दीडशे-एकशे ऐंशी अंशांपुढे धरत नाही. स्प्रिंग वॉशर कंपनीने दिला असेल तर नवा घाला, पण वर्षानुवर्षे तापलेल्या वॉशरची ताकद गेलेली असते. तांब्याचा मुलामा दिलेले किंवा पितळी नट उत्तम, ते स्टडला गंजून चिकटत नाहीत.

कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी अँटी-सीझ जरूर लावावे. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यातच नट स्टडशी एकजीव होतो. स्टड आणि नट दोन्ही स्टेनलेसचे असतील तर अँटी-सीझशिवाय लावूच नका, ते एकमेकांत अडकून जागच्या जागी जाम होतात. टॉर्क कमी करायचा हिशोब प्रश्न ७ मध्ये आहे.

१२. इंटरसेप्टर ६५० ला दोन बेंड आहेत. मधले नट कसे आवळू?

दोन बेंडच्या मधल्या अंगाला येणारे नट खरोखर अवघड आहेत, आणि पुढ्यात ऑइल कूलरही आहे. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळू नका. दोन्ही बेंड सैल टांगा, दोन्हीकडचे मधले नट आधी बोटांनी चढवा, मग बाहेरचे. प्रत्येक फ्लँज स्वतंत्रपणे आलटून-पालटून आवळायची, पण दोन्ही फ्लँज सोबत पुढे न्यायच्या. खालून, बेंडच्या मधल्या फटीतून लांब एक्स्टेन्शन वर नेऊन बघा. समोरून जे दिसत नाही ते बऱ्याचदा खालून सरळ सापडते. ऑइल कूलरच्या नळ्या उघडायची गरज नाही, त्याचे धरणारे बोल्ट काढून तो जपून थोडा पुढे घेता येतो. नळीवर ताण येऊ देऊ नका.

रेडिएटरवाल्या गाड्यांना, म्हणजे ड्यूक ३९० वगैरेंना, हाच उपाय लागू आहे. बोल्ट काढा, कूलंटच्या नळ्या तशाच ठेवा, रेडिएटर पुढे सरकवा आणि त्याच्या मागे जाड पुठ्ठा घाला. पाना निसटला की रेडिएटरच्या पातळ पात्या आधी चेपतात.

१३. अॅक्टिवाचे नट तर दिसतच नाहीत!

स्कूटरचे सिलिंडर आडवे असते आणि धूर खालच्या अंगाने निघतो, म्हणून स्टड जमिनीकडे तोंड करून असतात. मेन स्टँडखाली पक्की लाकडी फळी घालून स्कूटर थोडी उंच घ्या, मागचे चाक दोन्हीकडून अडवा. खालून लांब गोटी आणि एक्स्टेन्शन लावले की नट सरळ पकडीत येतात. सायलेन्सरचे वजन दुसऱ्या हाताने किंवा विटेवर पेलून धरा, नाहीतर ते सगळे त्या दोन स्टडवर येते. क्रम प्रश्न ४ मधलाच: आधी फ्लँज, मग उजवीकडचे इंजिनाला जाणारे बोल्ट. सोयीसाठी स्कूटर आडवी पाडू नका, पेट्रोल सांडते. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंज थेट वरून तोंडावर पडतो.

१४. माझ्याकडे वडिलांची येझ्दी आहे. तिला असे नटच नाहीत.

बरोबर. मैसूरच्या आयडियल जावाने १९९६ पर्यंत बनवलेल्या जावा आणि येझ्दीच्या सिलिंडरवर एक मोठा पंख्यांचा गोल नट असतो आणि तो अख्ख्या बेंडला ओढून धरतो. त्याला हुकाचा सी पाना लागतो. छिन्नी-हातोड्याने ठोकून आवळायची जुनी सवय सोडा. त्याने पंखे तुटतात आणि आटे खाल्ले जातात. आट्यांवर अँटी-सीझ, आत नवे पॅकिंग, हाताने जाईल तेवढा नट चढवायचा, मग सी पाना. ही गाडी हादरे जास्त देते, म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर गार झाल्यावर तपासा. हा नट सैल ठेवून गाडी चालवली तर तो हादऱ्याने सिलिंडरवरचे आटे घासून टाकतो, आणि ते दुरुस्त करणे फार कठीण. या गाड्या आता जपायच्या आहेत.

१५. नट सोडवताना अख्खा स्टडच बाहेर आला. आता?

घाबरू नका, हेडमधले आटे चांगले असतील तर काही बिघडलेले नाही. स्टडला नट गंजून चिकटला असेल तर नवा स्टड घ्या. हेडमधले भोक साफ करा. स्टडच्या मोकळ्या बाजूला दोन नट एकमेकांवर घट्ट लॉक करा आणि वरच्या नटाने स्टड आत बसवा. फार जोर नको, तो भोकाच्या तळाला हलका टेकला की पुरे. मग खालचा नट पकडून वरचा सोडवा.

१६. स्टड तुटला, किंवा हेडमधले आटे गेले. घरी जमेल?

तुटलेला स्टड हेडच्या बाहेर थोडा उरला असेल तर रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा आणि सकाळी ग्रिप प्लायरने आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला, मग सोडवायच्या दिशेला, असा हलवत काढा. सपाट तुटला असेल तर चांगल्या वेल्डिंगवाल्याकडे जा. तो तुकड्यावर नट वेल्ड करतो, त्या उष्णतेनेच पकड सुटते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढायला सांगा. घरी ड्रिल करायला गेलात तर ड्रिल कडक पोलादावरून सरकून मऊ अॅल्युमिनियममध्ये घुसते.

आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे, हा सगळ्यात चांगला उपाय. मूळ मापाचाच स्टड परत बसतो. काही ठिकाणी एम८ चे एम१० करून देतात. तेही चालते, पण हेडचे मांस कमी होते आणि फ्लँजचे भोकही मोठे करावे लागते, म्हणून मी तो दुसरा पर्याय मानतो.

१७. नीट बसले की नाही, हे कसे कळेल?

गार इंजिन सुरू केल्यावर हेडजवळून ‘टिक्-टिक्’ असा, इंजिनाच्या ठोक्याबरोबरचा आवाज येतो का ते ऐका. अॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजणे हीही खूण आहे. इंजिन गार असतानाच, आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करून, पेटती उदबत्ती फ्लँजभोवती फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, ठोक्याठोक्याला उडत असेल तर तिथून हवा मारते आहे. काही दिवसांनी त्या जागी काळी काजळी दिसली तर शंकाच उरत नाही.

१८. एकच नट सारखा सैल होतो. दर महिन्याला आवळतो.

तो नट कारण नाही, लक्षण आहे. बेंडवर ताण आहे का ते बघा: मागचा बोल्ट पूर्ण काढला की सायलेन्सर उडी मारून बाजूला सरकतो का? सरकत असेल तर तो ओढून बसवलेला आहे. मागच्या माउंटिंगचे रबर फाटले असेल तर सायलेन्सरचा सगळा हादरा हेडच्या नटांवर येतो. लेग गार्ड बेंडला घासत असेल तरी हेच होते. हे सगळे ठीक असेल तर स्टड ताणला गेला आहे किंवा हेडमधून हळूहळू बाहेर येतो आहे. नट आणि स्टड दोन्हींवर मार्करने एक रेघ ओढा. रेघ जुळलेली राहून फ्लँज सैल झाली तर दोष स्टडचा. मग प्रश्न १६.

१९. बीएस-६ गाडी आहे. थोडी गळती राहिली तर काय फरक पडतो?

जुन्या गाडीत आवाजापुरता फरक पडायचा. आता ऑक्सिजन सेन्सर बेंडमध्ये असतो. त्याच्या आधीच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरली की सेन्सरला वाटते पेट्रोल कमी पडते आहे, आणि इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतो. मायलेज घटते, प्लग काळा होतो, इंजिनाचा दिवा लागू शकतो. बेंड काढताना सेन्सरची वायर आधी सॉकेटमधून सोडवा, वायरवर बेंड लोंबकळू देऊ नका. बसवल्यावर ती वायर बेंडला टेकत नाही ना, हेही बघा.

२०. बाजारातला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावायचा आहे. नट तेच, मग अडचण काय?

नटांची काही अडचण नाही, आणि नुसता मागचा डबा बदलायचा असेल तर हेडच्या नटांना हातही लावावा लागत नाही. अडचण कायद्याची आणि शेजाऱ्यांची आहे. नव्या मोटरसायकलींना आवाजाची मर्यादा आहे, १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचे नियम मोडले तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि लायसन्सवर गदा येते ती वेगळी. मुंबई-पुण्याच्या पोलिसांनी जप्त केलेल्या असल्या सायलेन्सरवर रोलर फिरवलेला आहे. बदलायचाच असेल तर कंपनीने मान्यता दिलेला घ्या, त्याचे भोक आणि कोन मूळ माउंटिंगशी जुळतात. बाहेरच्या कित्येक सायलेन्सरचे जुळत नाहीत, आणि मग प्रश्न १८ मधला सैल नट कायमचा मागे लागतो.